गहाण, लहाण आणि खरेदी

इंग्रजांच्या ‘मॉर्टगेज’ या शब्दात मरण दडलेले आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘मेलेले तारण’. आपले ‘गहाण’ त्यामानाने सोज्वळ, ‘ग्रहणा’च्या कुळातले. लागलेले ग्रहण सुटते, तसे गहाणही सुटेल, या भरवशावर आमच्याकडची माणसे घर गहाण टाकतात. भरवसा खरा की खोटा, ते मात्र त्याच्या शेजारी बसलेला शब्द ठरवतो.

नजरगहाणात घर ऋणकोच्या ताब्यात राहते. सावकाराची त्यावर नुसती नजर. ताबेगहाणात सावकारच आत येऊन बसतो आणि व्याजापोटी उत्पन्न खातो. तिसरा प्रकार ‘गहाण लहाण’. लाहणे म्हणजे जुन्या मराठीत मिळणे. मुदतीत पैसे फिटले तर गहाण, नाही फिटले तर तीच खरेदी! चिवडा-लाडू म्हणावे तसा गोड जोडशब्द. पण त्यात पिढ्यांची घरे गेली.

1864 साली मुंबई हायकोर्टाने ‘रामजी विरुद्ध चिंतो’ या खटल्यात ठरवले, की मुदत टळली तरी असे गहाण सोडवता येते. पुढे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ‘सशर्त विक्रीचे गहाण’ म्हणून त्याला जागा मिळाली. सावकार काही कमी नव्हते. एकाचे दोन कागद होऊ लागले : एक उघड खरेदीखत, दुसरा घर परत देण्याचा करार. 1929 च्या दुरुस्तीने सांगितले, की परतीची अट त्याच दस्तात नसेल तर ते गहाणच नव्हे. वाद मिटले खरे. पण दोन कागदांवर अंगठा देणाऱ्याचे काय?

आमच्या मुलखात आणखी एक पेच होता. 1854 मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि पुढच्या बंदोबस्तात मालगुजार गावाचे मालक ठरले. गावठाणही त्यांचेच. भिंती आणि वासे रयतेचे, खालची जमीन मालगुजाराची. मग रयतेने गहाण टाकायचे ते काय? 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली आणि घराखालची जागा घर ज्याचे त्याच्याकडे कायम झाली. म्हणजे गहाण टाकण्याजोगे काहीतरी हाती आले, असेही म्हणता येईल!

जंगलातल्या आदिवासीची गोष्ट वेगळी. त्याची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची, तर विक्री असो की गहाण, 1974 पासून कलेक्टरची आधी परवानगी लागते. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या शेतजमिनी, ठरवलेली रक्कम भरून, परत मिळण्याची वाटही त्याच वेळी काढली गेली. गडचिरोली तेव्हा चंद्रपुरातच होते. वेगळा जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला.

मास्तराकडे लोक कागद वाचून घ्यायला येतात. आता बहुधा बँकेचे असतात. बँकेत मूळ खरेदीखत ठेवून घेतात. तेवढ्यानेही गहाण होते, हे कित्येकांच्या गावी नसते. कर्ज फिटले की घर सुटले, असे ते समजतात. सातबाऱ्यावरचा किंवा मिळकतपत्रिकेवरचा बोजा उतरवायचा राहतो, आणि खरेदीखत बँकेतच पडून असते. 1 डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की कर्ज पुरते फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावेत; उशीर बँकेचा असेल तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हे वाचून दाखवले, की माणूस हळूच विचारतो, “गुरुजी, तीस दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे?”