बाह्य आच्छादनातील दडलेली ओल : तपासणी

घराच्या बाहेरच्या भिंतीवरील गिलावा, दगडी किंवा चिनीमातीच्या फरशा, लाकडी वा सिमेंटचे तक्ते आणि रंगाचे थर यांना मिळून बाह्य आच्छादन म्हणतात. ऊन, पाऊस व वारा मूळ भिंतीपर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम. त्याला कुठे फट पडली की पाणी मागे शिरते, आणि मग तेच आच्छादन भिंतीला वाळू देत नाही. घरात डाग दिसेपर्यंत आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असू शकते. म्हणून तपासणीत डागापेक्षा पाण्याची वाट शोधणे महत्त्वाचे असते.

पाण्याच्या वाटा. पाणी बहुधा सांध्यांतून आत येते. खिडकीच्या चौकटीची कड, छज्जा भिंतीला मिळतो ती रेघ, काँक्रीटची तुळई आणि विटांचे बांधकाम यांमधली आडवी भेग, कठड्याचा माथा, नळांचे क्लँप आणि वातानुकूलन यंत्राचे ब्रॅकेट या नेहमीच्या जागा. कोकणपट्टीत नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो आणि पश्चिम व नैर्ऋत्य दिशांच्या भिंतींना झड बसते. जुन्या कोकणी घरांना खोल वळचण आणि पडवी असे. झडीच्या बाजूला पावसाळ्यापुरती झावळ्यांची झापेही बांधत. भिंतीला पाणी लागूच द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार. छज्जे आखूड करून दर्शनी भिंती सपाट केल्यावर हा सारा भार सांध्यांवर येतो.

नुकसान. ताज्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 असतो आणि त्यामुळे आतली सळई गंजापासून सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे सामू 9 च्या आसपास उतरला, किंवा समुद्राकडील खारे क्षार आत पोहोचले, की हे संरक्षण जाते आणि ओलीमुळे सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीट तडकून त्याचे ढलपे पडतात. लाकडी सांगाड्यात आर्द्रता दीर्घकाळ 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीने कुजण्याचा धोका सुरू होतो.

डोळ्यांनी पाहणी. पाहणी दोनदा करावी : पाऊस संपता संपता आणि ऐन उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्येही ओला राहणारा पट्टा दिसला तर पावसाआधी नळाची, न्हाणीघराची किंवा टाकीची गळती तपासावी. पांढरा लोणा, रंगाचे फुगे व पोपडे, शेवाळाचा उभा ओघळ, भेगेतून डोकावणारे पिंपळाचे रोप, गंजाचा तांबूस डाग या बाहेरच्या खुणा. जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीपर्यंतच आडवी क्षारांची रेघ असेल तर पाणी बहुधा पायातून वर चढते आहे. छज्ज्याच्या खालच्या कडेची खाच रंगाने किंवा गिलाव्याने बुजली आहे का, हे आवर्जून पाहावे. ती बुजली की पाणी थेंबाथेंबाने खाली पडत नाही. छज्ज्याच्या पोटाखालून सरकत खिडकीच्या कोपऱ्यात येते.

ठोकून पाहणी. हलक्या हातोडीने खिडकीच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर ठोकत जावे. गिलावा धरून असेल तिथे आवाज खणखणीत येतो. सुटला असेल तिथे बद्द येतो. प्रत्येक बद्द जागेवर खडूने खूण करून खुणा जोडल्या की पोकळीचा आकार भिंतीवर उमटतो. त्याचे वरचे टोक अनेकदा एखाद्या सांध्यापाशी पोहोचते. गळतीचा शोध तिथून सुरू करावा. फरशीच्या आच्छादनात ही परीक्षा टाळू नये, कारण सुटलेली फरशी उंचावरून पडून माणसाचा जीव जाऊ शकतो. वरच्या मजल्यांसाठी परांची किंवा प्रशिक्षित दोरकामगार लागतात.

उपकरणे. सुयांचे आर्द्रतामापक मुळात लाकडासाठी असते. गिलाव्यातील क्षारांमुळे ते ओल वाढवून दाखवते, म्हणून कोरड्या आणि संशयित जागेचे आकडे ताडून पाहावेत. अवरक्त कॅमेरा पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. बाष्पीभवनामुळे ओली जागा थंड दिसू शकते, पण सावलीही तशीच दिसते. जलपरीक्षेत फवारा खालून वर, एकेका सांध्यावर, पुरेसा वेळ धरतात. वरून सुरुवात केली तर ओघळणारे पाणी सगळ्याच सांध्यांवर जाते आणि दोषी सांधा ओळखू येत नाही. शेवटी संशयाच्या जागी आच्छादनाचा लहान तुकडा काढून आत पाहावे लागते. उघड्या काँक्रीटच्या ताज्या कापावर फिनॉल्फ्थेलिन टाकल्यास अल्कता शाबूत असलेला भाग गुलाबी होतो.

न्यूझीलंडचा अनुभव. 1990 नंतरच्या दशकात तेथे वळचण नसलेली, सलग गिलाव्याची लाकडी सांगाड्याची घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. आच्छादनामागे पाणी निथळायला पोकळी नव्हती आणि सांगाड्यात प्रक्रिया न केलेले लाकूड वापरण्याची मुभा मिळाली होती. घरे आतून कुजली. 2002 मध्ये या गळतीच्या प्रश्नावरचा हन अहवाल आला आणि 2004 मध्ये नवा इमारत कायदा झाला. 2009 च्या एका अंदाजानुसार सुमारे 42,000 घरे बाधित होती. पुढे धोक्याच्या आच्छादनांमागे निथळपोकळी ठेवण्याची पद्धत आली.

दुरुस्तीशी नाते. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे; गृहनिर्माण संस्थांनी बाह्य भिंतींचा खुणा केलेला नकाशा त्या अहवालाला जोडून घ्यावा. ओल्या भिंतीवर जाड जलरोधक रंग चढवू नये. आतली ओल कोंडते आणि पुढच्या पावसापर्यंत सळई गंजतच राहते. आधी सांधा दुरुस्त करावा, मग त्याच जागी पुन्हा जलपरीक्षा घ्यावी, भिंत वाळू द्यावी आणि शेवटी रंग द्यावा.