बहात्तराव्या घरातले कोण?

वर्गात आपण फळ्यावर २, ८, १८, ३२ हे आकडे लिहितो आणि मुले ते पाठ करतात. इलेक्ट्रॉन कुणी पाहिले नाहीत, मग हे आकडे खरे कशावरून, असे एखादा विद्यार्थी विचारतोच. त्याला आवर्तसारणीतील ७२व्या घराची हकिकत सांगावी, असे आम्हाला वाटते.

इंग्लंडमधील हेन्री मोझली यांनी १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मूलद्रव्यांचे अणुअंक निश्चित केले, तेव्हा जी घरे रिकामी दिसली त्यांत ७२वे होते. पॅरिसच्या जॉर्ज उर्बें यांनी तर १९११ मध्येच दुर्मिळ मृदांमधून 'सेल्टियम' हे नवे मूलद्रव्य मिळाल्याचे जाहीर केले होते. १९१४ मध्ये ते आपला नमुना घेऊन मोझलींकडे गेले. त्यात ७२ची रेषा काही सापडली नाही. पुढच्याच वर्षी मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. वय अवघे २७. मग १९२२ मध्ये पॅरिसला फेरतपासणी झाली आणि दोन अंधूक रेषा दिसल्याचे सांगण्यात आले. रदरफर्ड यांनीही या दाव्याला दुजोरा दिला.

पेच पडला तो कोपनहेगनच्या नील्स बोर यांना. त्यांच्या मांडणीनुसार दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांत नवा इलेक्ट्रॉन बाहेर न जाता आतल्या चौथ्या कवचात शिरतो. बाहेरची रचना जवळजवळ तशीच राहते. (ही मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करताना रसायनतज्ज्ञांना घाम फुटतो तो याचमुळे!) ७१व्या ल्युटेशियमपर्यंत हे कवच ३२ इलेक्ट्रॉनांनी पुरते भरलेले असते. त्याची रचना २, ८, १८, ३२, ९, २ अशी. आता पुढच्या इलेक्ट्रॉनाला आत जागाच नाही. म्हणून ७२ची रचना २, ८, १८, ३२, १०, २. तिच्याखाली झिर्कोनियमची रचना लिहून पाहा: २, ८, १८, १०, २. शेवटचे दोन आकडे तेच! म्हणजे ७२ची संयुजा तीन नव्हे, चार. ते झिर्कोनियमचे भावंड. उर्बें बरोबर असतील, तर बोर यांची मांडणी चुकीची ठरत होती.

बोर यांच्याच संस्थेत दिर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी झिर्कोनियमची खनिजे क्ष-किरणांनी तपासली. ७२च्या रेषा स्पष्ट उमटल्या. ११ डिसेंबर १९२२ रोजी बोर स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान देणार होते. बातमी त्यांना आयत्या वेळी दूरध्वनीवरून कळली आणि व्याख्यानाच्या अखेरीस त्यांनी ती सांगितली. कोपनहेगनच्या हाफ्निया या लॅटिन नावावरून मूलद्रव्याचे नाव पडले हाफ्नियम. झिर्कोनियमचा शोध १७८९चा; त्याच्याच खनिजांत दडलेले हे भावंड सव्वाशेहून अधिक वर्षे कुणाला दिसले नव्हते.

सगळे श्रेय बोर यांनाच देणे मात्र आम्हाला रुचत नाही. चार्ल्स बरी या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने केवळ रासायनिक गुणधर्मांवरून ७२ हे झिर्कोनियमसारखे असेल, असे १९२१ मध्येच लिहिले होते. शिवाय बोर यांची कवचांतर्गत विभागणी पुढे टिकली नाही. ८ म्हणजे ४ आणि ४, १८ म्हणजे ६, ६ आणि ६ असे ते मानत. १९२४ मध्ये एडमंड स्टोनर यांनी ती २ आणि ६, तसेच २, ६ आणि १० अशी बदलली. असेच का, याचा नियम १९२५ मध्ये वोल्फगांग पाउली यांनी दिला.