रिकामी ममी

२०१५ सालचा हिवाळा. क्लायंटच्या कामासाठी तीन महिने मँचेस्टरला होतो. शनिवार होता, बाहेर नेहमीची रिपरिप चालू होती, रूमवर बसून कंटाळा आला म्हणून तिथल्या म्युझियममध्ये शिरलो. प्रवेश फुकट आणि आत उबदार, एवढी दोन कारणं मला पुरेशी होती. आत गेल्यावर कळलं की प्राचीन इजिप्तमधल्या प्राण्यांच्या ममींचं खास प्रदर्शन चालू आहे.

ममी म्हटलं की माझ्या डोक्यात तूतनखामेन, सोन्याचा मुखवटा आणि हॉलिवूडचे सिनेमे. इथे मात्र मांजरं, ससाणे, मगरी, कुत्री... सगळी कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेली. काही तर तळहातावर मावतील एवढ्या. आणि बऱ्याच ममींबरोबर त्यांचे एक्स-रे. पक्ष्याच्या आकाराच्या एका ममीपाशी मी थांबलो. दोन रंगांच्या पट्ट्यांची शंकरपाळ्यांसारखी नक्षी, इतकी नीटनेटकी की बघत राहावं. एक्स-रेमध्ये पाहिलं तर आत पक्षीच नव्हता!

मी तिथेच हसलो. म्हटलं, च्यायला, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा हेच चालायचं तर! देवाच्या दारात भाविकाला गंडवणं.

ते हसू नंतर बरेच दिवस डोक्यात राहिलं, कारण जसजसं वाचत गेलो तसतसं ते मला महागात पडत गेलं. आजचा लेख त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. इजिप्तमध्ये प्राण्यांच्या ममी वेगवेगळ्या कारणांसाठी बनत. कुणी आपल्या लाडक्या प्राण्याची बनवून घेई. कुणाच्या थडग्यात मृताला पुढच्या जगात खायला म्हणून मांसाचे तुकडे असेच गुंडाळून ठेवत. काही प्राणी खुद्द देवाचं रूप मानले जात. मेम्फिसचा एपिस बैल हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. एका वेळी एकच बैल, विशिष्ट खुणा पाहून निवडलेला. तो मेला की राजासारखे अंत्यसंस्कार. त्यांची भुयारातली दफनभूमी ऑग्युस्त मारिएतने १८५१ साली सक्कारात उघडली.

पण संख्येने सगळ्यात जास्त ममी होत्या त्या वेगळ्याच, देवाला वाहण्यासाठी बनवलेल्या. आपल्या नवसाच्या जवळचा प्रकार म्हणा. इ.स.पू. सातव्या शतकानंतर याचं प्रस्थ वाढलं आणि पुढे टॉलेमी राजांच्या आणि रोमनांच्या काळातही टिकलं. तुम्ही यात्रेला गेलात, देवाकडे काही मागायचंय, मूल, आजारातून सुटका, शत्रूचा बंदोबस्त. ज्या देवाकडे मागायचं त्याचा प्राणी ठरलेला. बास्तेत देवीला मांजर, होरसला ससाणा, अनुबिसला कुत्रा, सोबेकला मगर. आणि थोथ, म्हणजे लेखन, हिशोब आणि ज्ञानाचा देव (आपल्या धंद्याचा देव म्हणायला हरकत नाही :) ), त्याला आयबिस पक्षी. आपल्याकडे भिगवणच्या पाणवठ्यावर दिसणारा पांढरा शराटी हा या आयबिसचा अगदी जवळचा भाऊबंद.

तुम्ही पैसे मोजून ममी अर्पण करायची. ती मंदिरात राहायची, आणि साठलेल्या ममी एकदम वाजतगाजत नेऊन भुयारात ठेवल्या जायच्या. कल्पना अशी की हा प्राणी आता देवाच्या जगात जाऊन तुमचा निरोप पोचवेल. थोडक्यात, ममी म्हणजे पाकीट आणि प्राणी म्हणजे पोस्टमन. तूना अल-गबल इथे थोथला उद्देशून लिहिलेलं एक पत्रच सापडलंय. त्यात आपल्याला छळणाऱ्या माणसाची रीतसर तक्रार आहे.

हे किती मोठ्या प्रमाणावर चालायचं? १९६४ साली वॉल्टर एमरी हा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ सक्कारात इम्होतेपचं, म्हणजे पहिला पिरॅमिड रचणाऱ्याचं थडगं शोधत होता. ते शेवटपर्यंत सापडलं नाही. सापडली ती भुयारं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि छतापर्यंत रचलेले मातीचे रांजण. प्रत्येकात आयबिस. तिथेच अनुबिसच्या भुयाराचा अभ्यास कार्डिफ विद्यापीठाच्या पॉल निकोल्सन यांच्या गटाने केला आणि २०१५ साली अंदाज मांडला, की त्यात जवळपास ८० लाख प्राणी ठेवले गेले असावेत, त्यातले बहुतेक कुत्रे. संपूर्ण इजिप्तचा अंदाज ७ कोटींपर्यंत जातो.

माल इतका होता की त्याची किंमतच उरली नाही. १८८८ साली बेनी हसनजवळ एका शेतकऱ्याला मांजरांच्या ममींचा प्रचंड साठा लागला. १८९० मध्ये त्यातल्या सुमारे १,८०,००० ममी जहाजाने लिव्हरपूलला आल्या, वजन १९ टनांच्या वर, आणि शेतात टाकायचं खत म्हणून लिलावात विकल्या गेल्या. लिलाव करणाऱ्याने हातोड्याच्या जागी मांजराचंच डोकं वापरलं असं सांगतात.

आता प्रश्न असा की एवढे प्राणी आणले कुठून?

इथे गोष्ट गंभीर होते. हेरोडोटस लिहितो की इजिप्तमध्ये आयबिस किंवा ससाणा चुकून जरी मारला तरी मृत्युदंड. डायोडोरसने तर स्वतः पाहिलेला प्रसंग नोंदवलाय. इ.स.पू. ६० च्या सुमारास एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलं. तेव्हा राजा रोमची मर्जी सांभाळत होता, त्याने अधिकारी पाठवले, तरी जमावाने त्या माणसाला सोडलं नाही. ठार मारला.

आणि त्याच देशातल्या ममींचे हे एक्स-रे. ब्रिटिश म्युझियममधल्या ५३ मांजरांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक मांजरं दोन वयोगटांत बसली, एक ते चार महिने आणि नऊ ते बारा महिने. म्हातारपणाने मेलेली मांजरं अशी दोन गठ्ठ्यांत सापडत नाहीत. काहींच्या माना मोडलेल्या होत्या. अनुबिसच्या भुयारातली कित्येक पिल्लं जन्मून काही तास किंवा काही दिवस झालेली, आईपासून तोडल्यावर मेलेली असावीत. २०२० मध्ये स्वान्सी विद्यापीठाने अतिसूक्ष्म स्कॅनिंगने तीन ममी तपासल्या. त्यातला नाग अजून पुरता वाढलेला नव्हता. त्याच्या मूत्रपिंडांची अवस्था सांगत होती की त्याला जिवंतपणी पाणी नीट मिळत नव्हतं. शेवटी शेपटीला धरून आपटून मारलेला. मांजराचं पिल्लू पाच महिन्यांच्या आतलं.

म्हणजे रस्त्यावर मांजर मेलं तर दंगल, आणि मंदिराच्या आवारात पद्धतशीर पैदास आणि माना मोडणं. हे एकाच समाजाला कसं जमलं?

एक उत्तर त्यांच्या श्रद्धेत आहे. विधिपूर्वक गेलेला प्राणी त्यांच्या लेखी मेला नव्हता, ओसिरिसशी एकरूप झाला होता. त्याला मारलं नाही, पाठवलं. हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. पण मला दुसरं उत्तरही दिसतं, आणि ते कोणाही ऑफिसात काम केलेल्या माणसाला दिसेल. कामाची वाटणी. पैदास करणारा एक, मारणारा एक, गुंडाळणारा एक, विकणारा एक, पुरणारा एक. भाविकाच्या हातात येते ती फक्त नक्षीदार गुंडाळी. पूर्ण साखळी बघण्याची गरज कुणालाच पडत नाही. आणि आत काय आहे हे पाहायला ती गुंडाळी कोण सोडणार? सोडली की नवसच मोडला!

आता त्या रिकाम्या ममीकडे परत येऊ. मँचेस्टरच्या संशोधकांनी ८०० हून जास्त ममी एक्स-रे आणि सीटी स्कॅनखाली घातल्या. २०१५ ला निष्कर्ष जाहीर झाले. साधारण एक तृतीयांश ममींमध्ये अख्खा प्राणी, एक तृतीयांशात फक्त काही अवशेष, आणि उरलेल्या एक तृतीयांशात प्राणीच नाही. माती, काटक्या, बोरू, पिसं, अंड्याची टरफलं.

मग ही फसवणूकच ना? गंमत म्हणजे हा प्रश्न त्या काळातही कुणीतरी विचारला होता. होर नावाचा एक माणूस इ.स.पू. दुसऱ्या शतकात सक्कारात आयबिसच्या सेवेत होता. खापरांवर लिहिलेली त्याची टिपणं एमरीच्या उत्खननात सापडली, जॉन रे यांनी ती १९७६ साली प्रसिद्ध केली. त्यात ६०,००० आयबिसांच्या खाण्याची गोष्ट येते, सेवेतल्या गैरप्रकारांची येते, चौकशीची येते, तुरुंगात टाकलेल्या माणसांचीही येते. आणि सुधारणा म्हणून एक साधा नियम, एका भांड्यात एक देव. असा नियम करावा लागला याचा अर्थ तो पाळला जात नव्हता, एवढं अनुमान कुणीही काढेल.

होरबद्दल वाचताना मला माझं एक जुनं प्रोजेक्ट आठवलं. कंपनीचं नाव नको. दर शुक्रवारी टेस्ट रिपोर्ट जायचा, सगळं हिरवंगार. महिनाभराने कुणीतरी टेस्ट उघडून पाहिल्या, तर निम्म्याहून जास्त आतून रिकाम्या होत्या, नुसतंच 'पास' म्हणणाऱ्या. त्यातल्या दोन रिपोर्टांवर माझी सही होती. मी काही लबाड नव्हतो, मला फक्त उघडून पाहायचं नव्हतं. म्युझियममध्ये मी ज्याला हसलो तो मीच होतो.

पण तेवढ्यावर थांबलो असतो तर इजिप्तच्या लोकांवर अन्याय झाला असता. मँचेस्टरचे संशोधकच 'बनावट' हा शब्द वापरायला बिचकतात. देवाच्या प्राण्याचं पीस, त्याच्या घरट्याची काडी, त्याच्या अंड्याचं टरफल, हेही पवित्रच मानलं गेलं असणार. थोड्याचं जास्त करून सगळ्यांना पुरवलं, इतकंच. शिवाय २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या रासायनिक तपासणीत दिसलं की काही प्राण्यांच्या ममींना चरबी, तेलं, मेण, राळ यांची माणसांच्या ममीइतकीच गुंतागुंतीची लेपनं केलेली होती. हे 'चलता है' म्हणणाऱ्यांचं काम नाही. आयबिसच्या बाबतीत २०१९ च्या डीएनए अभ्यासातून असंही निघालं की हे पक्षी बहुधा पिढ्यान् पिढ्या खुराड्यांत वाढवलेले नव्हते. त्यांच्यातली विविधता रानातल्या थव्यांसारखीच होती. म्हणजे रानातून येणारे थवे खाऊ घालून काही काळ माणसाळवायचे, असं काहीतरी. चित्र आपल्याला वाटतं तेवढं एकरंगी नसतं.

आणि इथे माझ्या डोक्यातला हिशोब उलटा झाला. मी इतके दिवस विचारत होतो, भाविक फसला का? त्याला तर फरक पडतच नव्हता. त्याने विश्वासाने वाहिलं, मन हलकं करून घरी गेला. अख्खा प्राणी असलेली ममी आणि काटक्यांची ममी त्याच्या दृष्टीने सारखीच. फरक पडत होता तो फक्त एकाला, ज्याला या सगळ्यात कुणी विचारलंच नाही, त्या तीन महिन्यांच्या मांजराला. होरच्या नियमाप्रमाणे 'खरी' ममी म्हणजे एक मान मोडलेली. 'खोट्या' ममीत मान मोडायला कुणी नव्हतं.

होर प्रामाणिक माणूस होता यात मला शंका नाही. पण प्रत्येक भांड्यात देव आहे ना, एवढंच त्याने तपासलं. तो तिथे कसा आला, हे तपासणं त्याच्या कामाच्या यादीत नव्हतं. माझ्या टेस्ट नंतर आम्ही सगळ्या नीट लिहिल्या, आता त्या खरोखर चालतात. जे सॉफ्टवेअर त्या तपासतात ते नक्की कशासाठी वापरलं जातं, हे मी अजूनही विचारलेलं नाही.

असो. मँचेस्टरच्या त्या काचेसमोर पुन्हा उभा राहिलो तर आता हसणार नाही. ती नक्षी बघेन, आतल्या काटक्या बघेन, आणि म्हणेन, बरं झालं, रिकामी आहे.