पायवाटेवरील प्रवेश आणि संयम : अमेरिकेतील माउंटन बायकिंग चळवळीचा ऐतिहासिक आढावा

सार्वजनिक वनभूमीतील पायवाटेवरून कोणी व कसे जावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. अमेरिकेत मात्र या प्रश्नावरून गेली चार दशके संघर्ष चालू आहे. प्रस्तुत लेखात माउंटन बायकर्सनी पायवाटांवरील प्रवेश टिकविण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा विचार केला असून, हा प्रवेश त्यांना न्यायालयापेक्षा स्वतःच्या आचरणातून व श्रमदानातून अधिक मिळाला, असे प्रतिपादन केले आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरीन परगणा ही या खेळाची जन्मभूमी मानली जाते. तेथील फेअरफॅक्स गावाजवळ, वणवा विझविण्यासाठी काढलेल्या मातीच्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. जाड टायरच्या जुन्या सायकलींना पॅडल उलटे फिरवून ब्रेक लावावा लागे. उतारावर हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे व तो पुन्हा ग्रीसने भरावा लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. १९७७ साली जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सायकल घडविली आणि १९८१ पासून अशा सायकली कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या. मूठभरांचा छंद आता गर्दीचा झाला.

वळणावर अचानक समोर येणारी सायकल, बुजणारे घोडे, उखडलेली माती अशा तक्रारी वाढल्या. टॅमलपाइस पर्वतावरील पाणलोट क्षेत्र सांभाळणाऱ्या पाणीपुरवठा संस्थेने सायकलींना अरुंद पायवाटांवर बंदी केली. रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, तर आंधळ्या वळणांवर ५ मैलांची मर्यादा घातली. राष्ट्रीय पातळीवर वादाचे मूळ १९६४ च्या वन्यप्रदेश संरक्षण कायद्यातील 'यांत्रिक वाहतूक' या शब्दप्रयोगात होते. १९६६ मध्ये वनखात्याने त्याचा अर्थ निर्जीव शक्तीवर चालणारे साधन असा केला होता. या व्याख्येत सायकल बसत नाही. तरीही १९८४ मध्ये त्याच खात्याने संरक्षित वन्यप्रदेशांत सायकलींना सरसकट बंदी केली. १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यानांनीही रस्ते व नेमून दिलेल्या मार्गांपलीकडे त्यांना मज्जाव केला.

या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील पाच क्लबांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय माउंटन बायकिंग संघटना (इम्बा) स्थापन केली. खुल्या वाटांवरूनच जावे, माग सोडू नये, सायकलवर ताबा ठेवावा, इतरांना वाट द्यावी, प्राण्यांना घाबरवू नये ही तिची नियमावली होय. नियम छापणे सोपे असते; पण या मंडळींनी कुदळ-फावडीही हाती घेतली. थेट उतारावरून जाणारी वाट पावसात ओहोळ बनते, म्हणून डोंगराला आडवी, बाहेरच्या कडेला किंचित कललेली व पाणी ठिकठिकाणी खाली उतरवून देणारी वाट बांधण्याचे तंत्र त्यांनी रुजविले.

१९९४ मध्ये विल्सन व सेनी यांनी मोंटानामधील प्रयोगांच्या आधारे दाखविले की ओल्या वाटेवर घोड्यांचे खूर व माणसांची पावले चाकांपेक्षा अधिक माती मोकळी करतात. तथापि या निष्कर्षाने तक्रारी थांबल्या नाहीत. पादचाऱ्यांचा आक्षेप धुपेइतकाच भीतीबद्दलही होता, आणि भीतीला प्रयोगशाळेचे उत्तर पुरत नाही. त्याच वर्षी सिएरा क्लब व इम्बा यांच्या वाटाघाटींतून जबाबदारीने केलेले सायकलिंग हा पायवाटेचा वैध वापर असल्याचे या पर्यावरणवादी संस्थेने मान्य केले. उलट, राष्ट्रीय उद्यानांच्या नियमाविरुद्ध मरीनमधील क्लबने लढविलेला खटला १९९६ मध्ये अपिलातही फेटाळला गेला.

या मार्गाची किंमतही होती. २०१६ मध्ये युटाच्या दोन सिनेटरांनी वन्यप्रदेशांतील सायकलबंदी शिथिल करणारे विधेयक मांडले. त्यामागे १९८४ च्या निर्णयाला आव्हान देणारा सायकलस्वारांचाच एक नवा गट होता. इम्बाने पाठिंबा दिला नाही. २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहातील तशाच विधेयकाला तर तिने लेखी विरोध नोंदविला. मूळ कायद्याला हात न लावता नव्या वन्यप्रदेशांच्या सीमा आखतानाच जुन्या सायकलवाटा वगळून घ्याव्यात, अशी तिची भूमिका होती. अनेक स्वारांना ही शरणागती वाटली. विधेयके संमत झाली नाहीत, १९८४ ची बंदी कायम राहिली आणि आधीच बंद झालेल्या वाटांचे काय, या त्यांच्या प्रश्नाला इम्बाच्या भूमिकेत उत्तर नव्हते.