रावपुऱ्याचे घड्याळ आणि दोन चिमणाबाई

बडोद्याच्या रावपुऱ्यात भर वस्तीत एक घड्याळाचा मनोरा आहे. लोक त्यास रावपुरा टॉवर म्हणतात. त्याचे खरे नाव चिमणाबाई टॉवर. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या प्रथम पत्नीच्या स्मरणार्थ तो १८९६ साली उभारण्यात आला. एके काळी घोड्यांच्या ट्रामगाड्या तेथे थांबत. वेळ पाहण्यासाठी मान वर करणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या नावामागचा संसार आठवत असेल?

तो संसार होता जेमतेम पाच वर्षांचा. कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातील मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला. १८८० च्या जानेवारीत तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी त्याचा विवाह झाला व सासरी त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकींचा ताफाही बडोद्यास आला. दक्षिणेची नृत्यकला दरबारात पोचली ती अशी. १८८३ साली फत्तेसिंहराव जन्मले, आणि १८८५ च्या मे महिन्यात, विशी नुकतीच ओलांडली असता, राणीसाहेब निवर्तल्या.

राजाने बांधलेले स्मारक म्हणजे प्रेमाचा भरभक्कम पुरावा, असे मानण्याची सवय ताजमहालाने आपणांस लावली आहे. मला मात्र ही गोष्ट अर्धीच वाटते. गेलेल्या माणसाची कदर करणे तसे सोपेच. ते माणूस रुसत नाही की उलट उत्तर देत नाही. मनोरा उभा राहिला त्या वर्षी सुरसागराकाठच्या न्यायमंदिरालाही चिमणाबाईंचेच नाव मिळाले. पण राजवाड्यात तेव्हा कोण नांदत होते?

१८८५ च्याच डिसेंबरात देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई महाराजांची पत्नी म्हणून आल्या. वय चौदाच्या आसपास. सासरचे नवे नाव मिळाले तेही चिमणाबाई! दिवंगत सवतीचे नाव आयुष्यभर वागवावयाचे, आणि तिच्या मुलाची आईही व्हावयाचे. येथे दगडविटांनी भागण्यासारखे नव्हते. महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची तजवीज केली, १८८७ च्या युरोप प्रवासात त्यांना बरोबर नेले, आणि पुढच्या प्रवासांतूनही ही सोबत टिकली. पडदा सुटावयास बरीच वर्षे लागली, हेही सांगितले पाहिजे; राजवाड्यातील रूढी हुकुमाने हटत नसत. परंतु सहप्रवासात पाहिलेले वाया गेले नाही. भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी मित्र यांच्यासह लिहिलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला, आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पतीच्या सावलीत उभ्या असलेल्या स्त्रीस असे बोलावणे सहसा येत नाही.

याच राजाने १९०४ साली बालविवाहास आळा घालणारा आणि १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा आपल्या राज्यात केला. दोन कोवळ्या वधूंचा पती झालेला हा माणूस विवाहाकडे केवळ बंधन म्हणून पाहत नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

१९३९ साली महाराज गेले. दुसऱ्या चिमणाबाई १९५८ पर्यंत होत्या. त्यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय १९१४ पासूनचे. बडोद्यात ‘चिमणाबाईंचे’ म्हणून पत्ता विचारणाऱ्यास आधी सांगावे लागते, टॉवरच्या की उद्योगालयाच्या.