यंत्राची पहिली आज्ञा



आपल्या नंदुरबार जिल्ह्याला ‘पहिला’ म्हणवून घेण्याची फारशी सवय नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो वेगळा झाला, आणि तेव्हापासून विकासाच्या कोष्टकांत त्याचे नाव शोधायचे तर बहुधा खालून वाचायला सुरुवात करावी लागते. तथापि दोन याद्या अशा आहेत की ज्या आपल्यापासूनच सुरू होतात. महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघांत पहिला क्रमांक नंदुरबारचा आहे, आणि विधानसभेच्या मतदारसंघांत पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा. दुसरी यादी आधार क्रमांकांची. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली ह्या गावी, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांना ते मिळाले ती माणसे साधीसुधी, शेतमजुरी करणारी होती.

मतदान असो की रेशनचे धान्य, ह्या दोन्ही गोष्टींच्या दारात आज एक लहानसे यंत्र बसलेले आहे. त्या यंत्राच्या पोटात संगणक आहे. हा संगणक जागा होताना सर्वांत आधी कोणाचे ऐकतो, आणि ती पहिली आज्ञा त्याच्यात कोण लिहून ठेवतो, ह्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. विषय रुक्ष वाटेल. पण ज्याच्या हातून धान्याची पिशवी रिकामी परत जाते, त्याला तो रुक्ष वाटणार नाही.

प्रथम हे समजून घेऊ की संगणकाला वीज मिळते त्या क्षणी तो अगदी कोरा असतो. कालचे त्याला काही आठवत नाही. त्याला ठाऊक असते ती एकच गोष्ट: स्मृतीच्या एका ठरलेल्या घरापाशी जायचे आणि तेथे जे लिहिले असेल ते करायचे. १९८१ च्या सुप्रसिद्ध आयबीएम संगणकात सुमारे साडेदहा लाख घरांचा आवाका होता, आणि हे ठरलेले घर शेवटून सोळावे होते. तेथे न पुसणाऱ्या स्मृतीत एक छोटा कार्यक्रम कोरलेला असे. तो आधी स्वतःची अवयव-तपासणी करी, मग कळफलक, पडदा, तबकडी यांना हाका मारी, आणि सर्व ठीक दिसले म्हणजे कारभार मोठ्या कार्यप्रणालीच्या हाती सोपवी. ह्या कार्यक्रमाला ‘बायोस’ म्हणतात.

बायोस नव्हता तेव्हा काय होते? १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर नावाचा छोटा संगणक विकू लागला. त्याच्या तोंडावर खटक्यांची रांग होती. यंत्र चालू केले की मालकाने एकेक खटका वर-खाली करून आरंभीच्या आज्ञा हाताने भराव्यात. वीज गेली की सारे पुसले जाई, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे यंत्राला जागे करणारा माणूस यंत्रासमोर उभा असे. पहिली आज्ञा कोणाची, हा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील गॅरी किल्डॉल ह्या प्राध्यापकाने सीपी/एम नावाची कार्यप्रणाली लिहिली. प्रत्येक कंपनीचे यंत्र निराळे, म्हणून प्रत्येकासाठी सारे नव्याने लिहावे लागे. किल्डॉलने युक्ती केली. यंत्रागणिक बदलणारा भाग त्याने एका बाजूला काढला आणि त्याला बायोस हे नाव दिले. बाकीचे सर्व यंत्रांवर सारखेच चालू लागले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा तिने बायोस न पुसणाऱ्या चिपवर कोरून दिला आणि त्याचा संपूर्ण मजकूर आपल्या तांत्रिक पुस्तकात छापूनही टाकला. छापला म्हणून तो नकलायला मोकळा झाला असे मात्र नव्हे. त्यावर कंपनीचा हक्क होता. कॉम्पॅक कंपनीने मग दोन गट केले. एकाने आयबीएमचा बायोस वाचून तो काय करतो एवढेच टिपले. दुसऱ्याने मूळ मजकूर डोळ्यांनीही न पाहता, त्या टिपणांवरून नवा लिहिला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने अशाच रीतीने तयार केलेला बायोस इतरांना विकावयास काढला, आणि जगभर स्वस्त संगणकांचा पूर आला.

आता सेटिंगांकडे वळू. १९८१ च्या यंत्रात ‘स्मृती किती, पडदा कोणता’ हे सांगण्यासाठी आतल्या पाटीवर बारीक खटके होते, आणि घड्याळ तर नव्हतेच. प्रत्येक वेळी यंत्रच माणसाला आजची तारीख विचारी. ऑगस्ट १९८४ मध्ये आयबीएमच्या पुढच्या यंत्रात एक घड्याळाची चिप आली. तिच्यात चौसष्ट घरांची चिमुकली स्मृती होती: चौदा घरे घड्याळाच्या कारभाराला, उरलेली पन्नास सेटिंगांना. तिला एका छोट्या बॅटरीचा आधार दिला. वीज गेली तरी तारीख चालत राहावी आणि मालकाने सांगितलेले विसरू नये, ही सोय तेव्हापासून झाली. पुढे ह्या कामी रुपयाएवढा बटणसेल रूढ झाला. आज बायोसच्या जागी यूईएफआय नावाची विस्तृत व्यवस्था आली आहे. तिची संस्था २००५ साली स्थापन झाली. पण कारागिरांच्या तोंडी अजून ‘बायोसमध्ये जा’ हेच आहे, आणि कामही मूलतः तेच आहे.

घरच्या टेबलावरील संगणकात ह्या सेटिंगांचे महत्त्व बेताचेच. चूक झाली तर माणूस समोर असतो. परंतु नव्वदच्या दशकापासून हाच संगणक हाताच्या तळव्याएवढ्या पाटीवर मावू लागला. १९९२ मध्ये अशा पाट्यांचे एक सर्वमान्य मापही ठरले. मग तो कारखान्याच्या पत्र्याच्या पेटीत, नदीकाठच्या पंपघरात, डोंगरावरच्या मनोऱ्याखाली जाऊन बसला. तेथे पडदा नाही, कळफलक नाही आणि माणूसही नाही. येथून आपल्या प्रश्नाला धार येते.

कल्पना करा, तापीकाठच्या एखाद्या पंपघरात असा संगणक आहे. जूनमध्ये पहिल्या वादळात रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली. आता यंत्राने काय करावे? बायोसमध्ये ह्याची तीन उत्तरे असतात: बंदच राहा, चालू हो, किंवा वीज जाण्यापूर्वी जसा होतास तसा हो. घरच्या संगणकात बहुधा पहिले उत्तर निवडलेले असते, आणि तेथे ते शहाणपणाचेही आहे. पंपघरात तेच राहून गेले, तर वीज आली, दिवे लागले, पण पाणी आले नाही, आणि कारण कोणालाच उमगेना, अशी अवस्था होईल. दुसरे सेटिंग त्याहून गमतीचे. कळफलक सापडला नाही तर थांबावे की पुढे जावे? ते न बदलल्यास यंत्र ‘कळफलक नाही’ अशी तक्रार करून, पुढे जाण्यासाठी एक कळ दाबा म्हणून रात्रभर वाट पाहत बसते!

तिसरे सेटिंग राखणदाराचे. जुन्या खानदेशात गावोगाव जागल्या असे, आणि हे काम पुष्कळ ठिकाणी भिल्लांकडे होते. औद्योगिक संगणकात असाच एक जागल्या बसवितात. त्याला ‘वॉचडॉग’ म्हणतात. चालू असलेल्या कार्यक्रमाने ठरावीक अवधीत त्याला ‘मी जागा आहे’ असे कळवायचे. हाक आली नाही, तर कार्यक्रम अडकला असे समजून तो संपूर्ण यंत्र पुन्हा सुरू करतो. चौथे सेटिंग क्रमाचे: कारभार कोणत्या तबकडीच्या हाती सोपवायचा? पहिला क्रम बाहेरून लावलेल्या पेनड्राइव्हला दिला असेल आणि परवलीचा शब्द नसेल, तर पेटी उघडू शकणारा कोणीही त्या यंत्राचा धनी होतो. २६ एप्रिल १९९९ रोजी एका विषाणूने जगातील असंख्य संगणकांचा बायोसच पुसून टाकला, तेव्हा ही पहिली आज्ञा किती उघडी पडली आहे हे प्रथमच सामान्य माणसाला कळले.

पाचवी गोष्ट घड्याळाची, आणि ती आपल्याला थेट टेंभलीला परत नेते. महाराष्ट्रातील रास्त भाव दुकानांत २०१७ च्या सुमारास ई-पॉस यंत्रे आली. शिधापत्रिकाधारकाने अंगठा लावायचा, यंत्राने तो दूरच्या केंद्राकडे पाठवायचा, आणि होकार आला की धान्य मोजायचे. ह्या यंत्रातील आरंभ-व्यवस्थेचे नाव बायोस नसेल, पण तिचे कर्तव्य तेच आहे. अंगठ्याबरोबर वेळेचा शिक्काही जातो. आधारच्या पडताळणी-नियमांत नकाराचे जे क्रमांक दिलेले आहेत, त्यांत ५६१ आणि ५६२ हे दोन केवळ घड्याळाचे आहेत. ५६१ म्हणजे विनंती शिळी झाली. ५६२ म्हणजे विनंतीवरील वेळ अजून यायची आहे! अंगठा खरा, माणूस खरा, शिधापत्रिका खरी; चुकले ते यंत्राचे घड्याळ. हल्लीची यंत्रे नेटवर्कवरून वेळ जुळवून घेऊ शकतात हे खरे; परंतु ती सोय चालू ठेवणे हेही एक सेटिंगच आहे. ते कोणी, केव्हा बदलले हे काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या बाईला कळण्याचा मार्ग नाही. तिला एवढेच सांगितले जाते की ‘यंत्र घेत नाही’. ‘यंत्र घेत नाही’ हे वाक्य मोठे सोयीचे आहे, कारण त्यात कर्ता माणूस उरतच नाही.

आता दुसरे यंत्र पाहू. हैदराबादच्या ईसीआयएल ह्या सरकारी कंपनीचे नाव आपण ऐकले असेल. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी रचलेला टीडीसी-१२ हा भारतीय संगणक १९६९ मध्ये लोकांपुढे आला, त्यातूनच तिचा संगणक-उद्योग उभा राहिला. ह्याच कंपनीने १९७९ मध्ये मतदान यंत्राचा पहिला नमुना केला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स तिला येऊन मिळाली. मे १९८२ मध्ये केरळातील परवूर येथे पन्नास केंद्रांवर त्याचा प्रयोग झाला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरविले. यंत्र चुकले म्हणून नव्हे. कायद्यात तशी तरतूदच नव्हती म्हणून. कायद्यातील दुरुस्ती १५ मार्च १९८९ पासून अमलात आली. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतील सोळा विधानसभा मतदारसंघांत ही यंत्रे वापरली गेली, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्वत्र यंत्रांवर झाली.

ह्या यंत्राच्या रचनेमागचा विचार ई-पॉसच्या अगदी उलट आहे. त्यात मोठी कार्यप्रणाली नाही, त्याला बाहेरच्या जगाशी तार नाही, आणि त्याचा कार्यक्रम चिपवर एकदाच कोरला जातो. मतदान केंद्राध्यक्षाने शिरून बदलावे असे सेटिंगांचे पानच तेथे नाही. सरदार सरोवराच्या पाण्यातून बोटीने मणिबेलीला जाणारे मतदान पथक जे यंत्र नेते, त्याला पथकाने शिकवायचे काही नसते. फक्त तपासायचे असते. सकाळी मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान होते, बेरीज जुळवून दाखवितात, ती मते पुसतात, मगच खरे मतदान सुरू होते. संगणक जागा होताना स्वतःची तपासणी आपल्या मनाशी करतो. येथे ती चारचौघांत होते. यंत्राच्या घड्याळाने दाखविलेली वेळही पाहावयाची असते.

तरीही सेटिंग अजिबात टळले असे नाही. कागदी पावती दाखविणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्रात प्रत्येक मतदारसंघागणिक उमेदवारांची चिन्हे भरावीच लागतात. वाद झाला तो येथे, आणि तो योग्य जागी झाला. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी नाकारली. परंतु चिन्हे भरणारी साधने निकालानंतर पंचेचाळीस दिवस मोहरबंद ठेवावीत, आणि दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागणी केल्यास पाच टक्के यंत्रांतील कोरलेला कार्यक्रम तपासता यावा, असा आदेश दिला. यंत्रावर कोणाचा विश्वास आहे आणि कोणाचा नाही, ह्या वादात मी आज शिरत नाही. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की, मताच्या यंत्राबाबत ‘पहिली आज्ञा कोणाची’ हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे जाऊ शकला. धान्याच्या यंत्राबाबत तोच प्रश्न दुकानाच्या उंबऱ्यावर विचारायलाही जागा नाही.

उपाय काही अवघड नाही. किंबहुना तो आपल्या तलाठी कार्यालयात पिढ्यान् पिढ्या आहे. सात-बारावरील नाव कोणाला लहर आली म्हणून बदलत नाही. त्यासाठी फेरफाराची नोंद लागते: काय होते, काय झाले, कोणी केले, कोणत्या दिवशी, आणि हरकत घ्यायला मुदत असते. माणसाच्या उपजीविकेला हात घालणाऱ्या प्रत्येक यंत्राजवळ असे एक फेरफाराचे पान असावे. वीज परत आल्यावर यंत्र काय करील, त्याचे घड्याळ कोण लावतो, परवलीचा शब्द कोणाच्या ताब्यात आहे, एवढ्या चार ओळी मराठीत लिहून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवाव्यात. ज्याने सेटिंग बदलले त्याने खाली सही करावी. पुढच्या वेळी वीज जाऊन आली आणि पंप मुका राहिला, तर पंपवाला तालुक्याच्या गावी खेटे घालण्याऐवजी झाकण उघडून वाचील.

अल्टेअरच्या काळी माणूस यंत्रासमोर उभा राहून त्याला पहिली आज्ञा देत असे. आज तो यंत्रापासून शेकडो कोस दूर आहे, आणि यंत्रासमोर उभी आहे ती टेंभलीची, धडगावची, मणिबेलीची माणसे. ज्याने आज्ञा लिहिली त्याने आपले नाव खाली लिहावे, एवढी मागणी करण्याचा त्यांचा हक्क आहे. ‘यंत्र घेत नाही’ असे ऐकू आले की त्यांनी विचारावे, ‘यंत्राला हे सांगितले कोणी?’ हा प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.