'मूळ रूपातली' राजदूत नेमकी कुठली?

जुन्या गाड्यांसाठी आपल्याकडे वेगळे नियम आले ते जुलै 2021 मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळायची सोय झाली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. अडचण पुढच्या अटीत आहे. गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती तिच्यावर झालेली नसावी, अशी ती अट.

ही अट वाचली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या 1974 च्या राजदूतकडे बघितलं. वय बसतं. रूपाचं काय?

ही गाडी करवीर तालुक्यातल्या एका दूधवाल्याची. वीस-बावीस वर्षं तिने रोज पहाटे दुधाच्या घागरी वाहिल्यात. दोन्ही बाजूंना घागरी अडकवायचे लोखंडी आकडे आहेत. मागच्या चासीला अँगलचा तुकडा वेल्डिंग करून जोड दिलाय, कारण भाराने पाईप चिरला होता. टाकीची शिवण पितळेने भरलीय. किकचा दांडा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. सिलिंडर इतक्या वेळा बोअर केलाय की शेवटी त्यात नवी स्लीव्ह बसवायला लागली. कायद्याच्या भाषेत ही गाडी 'मूळ रूपात' नाही. आणि माझं म्हणणं असं की राजदूत नावाच्या गाडीचा इतिहास लिहायचा तर तो या जोडांवरूनच लिहायला लागेल, शोरूममधल्या चकाकीवरून नाही.

मुळात 'मूळ' म्हणजे काय, इथूनच सुरुवात करू. राजदूतचं मूळ फरिदाबादेत नाही, पोलंडमध्ये आहे. तिथल्या केल्त्से शहरात एसएचएल नावाचा कारखाना होता. त्याची एम-11 ही 175 च्या वर्गातली टू-स्ट्रोक मोटारसायकल (नेमकं बोलायचं तर 173 सीसी), तीन गिअरची. पुढच्या चाकाला आजच्यासारखा टेलिस्कोपिक फोर्क नाही, तर चाकाला मागून वळसा घालणारी झुलती कमान आणि दोन शॉकअप. याच कारखान्यात कपडे धुवायची यंत्रंही बनायची, आणि पोलंडमधल्या जुन्या पिढीला बहुधा मोटारसायकलपेक्षा तीच जास्त आठवत असतील. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एस्कॉर्ट्स कंपनीने ही एम-11 इथे आणली आणि तिचं नाव ठेवलं राजदूत. एस्कॉर्ट्स ही नंदा बंधूंनी 1944 मध्ये लाहोरात उभी केलेली कंपनी, फाळणीनंतर दिल्लीकडे आलेली. ट्रॅक्टरसाठीही तिने पोलंडच्याच उर्सुसशी हात मिळवला होता. (आणि हो, राजदूत म्हणजेच अ‍ॅम्बेसेडर. साहेबाला चारचाकी अ‍ॅम्बेसेडर, दूधवाल्याला दुचाकी. हा योगायोग मला फार आवडतो.)

पोलंडच का? त्या काळाकडे नीट बघितलं तर उत्तर दिसतं. डॉलर-पौंडांची चणचण, आयातीवर निर्बंध, आणि पूर्व युरोपशी रुपयांत व्यापार करायचे करार. चेकोस्लोव्हाकियाची जावा म्हैसूरला आली तीही याच वर्षांत, आयडियल जावाच्या रूपाने. पुढे तिचीच येझदी झाली. बुलेट इंग्लंडहून मद्रासला आली होती, ती थोडी आधी, 1955 मध्ये. म्हणजे ज्या तीन फटफट्यांवर आपल्या बापांची पिढी चालली, त्या तिन्हींचा जन्म परदेशातला आणि तिन्ही इथे रुजल्या त्या धोरणामुळे.

पोलंडमध्ये एसएचएलने मोटारसायकल बनवणं 1970 च्या आसपास थांबवलं. आपल्याकडे मात्र तोच ढाचा पुढे वीस वर्षांहून जास्त चालला. कारण उघड आहे. 1951 च्या उद्योग कायद्याखाली कोणी काय बनवायचं आणि किती बनवायचं, हे दिल्लीत ठरायचं. मागणी जास्त, माल कमी, स्पर्धा नाही. मग मॉडेल बदलायची गरज कोणाला? बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. लायसन्स राजला शिव्या घालायच्या तर या एका उदाहरणावर तासभर घालता येतील. घालाव्यातही. गिऱ्हाईकाने त्या धोरणाची किंमत मोजलीय.

पण स्पॅनर हातात घेऊन बसलं की याची दुसरी बाजू दिसते, आणि ती वादावादीत कोणी सांगत नाही. ढाचा वीस-तीस वर्षं बदलला नाही, म्हणून तो सगळ्यांच्या हाताखालचा झाला. तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला राजदूतचा मॅग्नेटो डोळे मिटून खोलता यायचा. पॉइंटचा गॅप तो सिगारेटच्या पाकिटाचा कागद घालून बघायचा. पिस्टन झिजला की पाव मिलिमीटर मोठा पिस्टन, मग अर्धा, मग पाऊण. क्रँकला नवा रॉड आणि नवी बेअरिंग बसवून दाबून द्यायचं काम उद्यमनगरातल्या कितीतरी वर्कशॉपांत व्हायचं. कोल्हापुरात फाउंड्रीचा आणि ऑइल इंजिनाचा धंदा आधीच होता, त्यामुळे लेथवाला, बोअरवाला, ओतारी हे हाकेच्या अंतरावर. टंचाईने माणसाला गाडी दिली नाही, पण असलेली गाडी मरू न द्यायची विद्या दिली. ती कुठल्या आयटीआयच्या पुस्तकात आली नाही. ती मिस्त्रीकडून पोराकडे गेली.

आणि गाडी मरू न देणं ही हौस नव्हती. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, 1963 चा. देशपातळीवर ऑपरेशन फ्लड सुरू झालं 1970 मध्ये. धवलक्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आणंद येतं, कुरियन येतात, टँकर येतात. पण गोठ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे जे दोन-चार किलोमीटर असतात, पावसाळ्यात चिखलाचे, तिथे टँकर येत नाही. घरोघरी रतीब घालायलाही येत नाही. तिथे सायकल होती, नंतर राजदूत आली. तीन गिअरची ही गाडी जोरात पळायची नाही, पण खालच्या वेगाला ओढ चांगली आणि चासी जाड. जाहिरातीत धर्मेंद्र बसला तो याच गाडीवर, उगीच नाही. 1973 च्या 'बॉबी'त ऋषी कपूर आणि डिंपल बसले ती राजदूतची छोटी जीटीएस. ती दिसायला गोड, पण तिला घागरी लावलेल्या मी तरी कधी बघितल्या नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात जपानी 100 सीसी आल्या. सुझुकी, हिरो होंडा, कावासाकी, आणि एस्कॉर्ट्सचीच यामाहा आरएक्स 100. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून धूर काढत जाणारी राजदूत चार-स्ट्रोक होंडाच्या अ‍ॅव्हरेजपुढे टिकणं शक्यच नव्हतं. पुढे प्रदूषणाचे निकष आले आणि टू-स्ट्रोकचा काळच संपला. याचं मला दुःख नाही. त्या धुरात रोज उभं राहिलेला माणूस त्याबद्दल हळवा होत नाही.

आता दुरुस्तीकडे येतो. माझ्या शेडमध्ये वाईस आहे, हँडड्रिल आहे, पान्यांचा डबा आहे. लेथ नाही. इंजिन मी स्वतः उतरवलं आणि खोललं. क्रँकचं आणि सिलिंडरचं काम उद्यमनगरात करून घेतलं. ऑइल सील, क्लचप्लेटा, पॉइंट, कंडेन्सर हे पुण्यात नाना पेठेत मिळालं. काही किरकोळ माल बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. सायलेन्सरात कार्बनची इतकी कडा धरली होती की तो भट्टीत लाल करूनच मोकळा झाला. सहा व्होल्टचं वायरिंग पूर्ण नवीन ओढलं.

कोणी या वाटेला जाणार असेल तर एक सांगतो. चासी रंगाला द्याल तेव्हा नंबर ठोकलेल्या जागेवर टेप लावायला स्वतः उभे राहा. सँडब्लास्टिंगने आकडे घासले जातात आणि जाड पावडर कोटिंगखाली बुजतात. मग आरटीओत पेन्सिल घासून नंबरचा ठसा घ्यायची वेळ आली की कागदावर काहीच उमटत नाही, आणि चांगली कागदपत्रं असलेली गाडी संशयित होऊन बसते.

सुट्या भागांपेक्षा मोठा प्रश्न होता तो रूपाचा. मला तीन वेगवेगळ्या जाणकारांनी सांगितलं, आकडे काप, अँगल काढ, चासीचा जोड नव्या पाईपने लपव, 'फुल्ल ओरिजिनल' कर, किंमत दुप्पट येईल. दुसऱ्या बाजूला पुतण्याचा आग्रह, की काका, हँडल खाली घ्या, सीट एकेरी करा, कॅफे रेसर करून टाका. कॅफे रेसरला कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल सांगतो की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी हे बरोबरच आहे. कानठळ्या बसवणाऱ्या बुलेटच्या पुंगळ्यांवर पोलीस रोडरोलर फिरवतात तेव्हा मीही टाळ्या वाजवतो.

पण बघा, दोन्ही नियमांत प्रमाण एकच आहे, कारखान्यातून बाहेर पडलेला दिवस. त्यानंतर गाडीने जे आयुष्य काढलं ते सगळं 'फेरफार'. या मापाने 'व्हिंटेज' कोणाची ठरणार? ज्याच्याकडे गाडी झाकून ठेवायला गॅरेज होतं आणि जिच्यावर पोट नव्हतं, त्याची. संस्थानिकाची ब्यूक मूळ रूपात राहते. दूधवाल्याची राजदूत राहूच शकत नाही, कारण ती तशी राहिली असती तर दूध पोचलं नसतं. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही असेल असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर वारसा म्हणून आली ती मोटारींच्या रॅलीतली गाडी, एवढंच. रस्त्यावर पळण्याचा नियम आणि वारसा जपण्याचा नियम एकाच मापाने मोजायची गरज नाही. जुन्या, कामापुरत्या केलेल्या दुरुस्त्या तपासून, सुरक्षित असतील तर त्यांची नोंद करून घेता येईल. देवळाच्या शिखराला पेशवाईत जीर्णोद्धार झाला म्हणून आपण ते देऊळ जुनं नाही असं म्हणत नाही.

2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाईल, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. म्हणजे एका खात्याला माणसाने वस्तू दुरुस्त करून वापरावी असं वाटतंय, आणि दुसऱ्याच्या नियमात मोठी दुरुस्ती ही उणीव ठरते.

मी काय केलं ते सांगून थांबतो. अँगल ठेवला, फक्त वेल्डिंग नव्याने मारून घेतलं, कारण जुन्याला चीर गेली होती. टाकीची पितळी शिवण ठेवली. ती गळत नाही. आकडे ठेवले. किक मात्र राजदूतचीच मिळाली ती बसवली, आधीची पायाला लागायची. रंग काळा, जसा होता तसा. 'व्हीए'चा अर्ज केलेला नाही. तीन अक्षरांचा, एमएच-09 येण्याआधीचा जुना नंबर तसाच ठेवून साध्या नोंदणीचं नूतनीकरण करतोय. 2022 मध्ये त्याला दुचाकीसाठी 300 ऐवजी 1,000 रुपये झाले होते. आताची फीही परवडते.

ज्यांच्या घरी राजदूतचं जुनं टॅक्सबुक, डेअरीचं पासबुक किंवा घागरी लावलेल्या गाडीचा एखादा फोटो असेल, त्यांनी कमेंटमध्ये टाका. गाव आणि साल आठवत असेल तर तेही लिहा.